फौजदाराकडे शिकलेले सदूमामा

सदूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. मामेभाऊ म्हणाला, "दादा, बाबा गेले." मी "बरं" म्हणालो. मग दूध वर आलं, मी गॅस बंद केला, पातेल्यावर ताटली ठेवली. ती नीट बसेना म्हणून दुसरी शोधली. बायकोने विचारलं, "कुणाचा फोन?" मी सांगितलं. ती मटकन खाली बसली आणि रडू लागली. मामा माझे, रडत होती ती, आणि मी मधे उभा राहून ताटल्यांची मापं घेत होतो.

आमच्या घराण्यात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "सांग रे ती, सदूमामाच्या भाषणाची." आणि मी सांगतो. दर वेळी थोडी वाढवून सांगतो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मामांच्या तेराव्याला सगळे माझ्याकडे बघायला लागले. "चार शब्द बोल." मी उभा राहिलो, पाणी मागितलं, प्यालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरला. तसं काही नव्हतं. आत नुसती एसटी उभी होती, ड्रायव्हर उतरून गेलेला, प्रवासी गप्प बसलेले. अजूनही ती तशीच उभी आहे. ते चार शब्द आता लिहितोय. चारात बसतील असं वाटत नाही.

मामांची नोकरी ओरोसला, सरकारी. आठवडाभर तिथल्या क्वार्टर्समध्ये राहायचे आणि शनिवारी मिठबावच्या घरी यायचे. निवृत्तीनंतर कायमचे घरी आले. घर समुद्राच्या अंगाला, पुढे माडांचं आगर, मागे हापूसची कलमं. माणूस उंच, आवाज त्याहून उंच. घरात, बाजारात, भांडणात बोलायचे ते मालवणी. पण कुणाकडे मयत झालं की मामांच्या तोंडून ऑफिसातलं मराठी बाहेर पडायचं. समाचाराला जाताना पांढरा शर्ट आणि काळी छत्री, मग ऊन असो की चांदणं. गेल्यावर खुर्ची घ्यायची, छत्री मांडीवर आडवी ठेवायची, घसा खाकरायचा. छत्री आडवी झाली की वाडीतल्या लोकांना कळायचं, आता सुरू.

"मृत्यू हे अंतिम सत्य आहे," असं सुरू व्हायचं. मग आत्मा, वस्त्र, नदी, सागर, आणि शेवटी "आपण स्वतःला सावरलं पाहिजे." मामांकडे तीन भाषणं होती. एक पिकल्या पानाचं, एक लांबलेल्या आजाराचं आणि एक अकाली गेलेल्याचं. एकदा एकाच दिवशी दोन घरी जायचं होतं, त्यात घोटाळा झाला. पलीकडच्या वाडीतली नव्वदीपार आजी गेली होती. मामा छत्री आडवी ठेवून म्हणाले, "उमलण्याआधीच ही कळी खुडली गेली." आजीचा मुलगा, स्वतः सत्तरीचा, तोंडाला पंचा लावून आत पळाला. लोकांना वाटलं, हुंदका.

मामी हे ऐकून म्हणायची, "मेल्याच्या घराक जावन भाषणा कसली करतास? थंय काय मता मागूची आसत?"

"अगो, माणसाक धीर देवक व्हयो."

"धीर देतास की वीट?"

पण खरं सांगायचं तर गावाला मामा हवे असत. मामांनी भाषण केलं म्हणजे गेलेल्याचा मान राहिला, असं लोक मानायचे.

फौजदार मामांनी आणला तो आंब्यांच्या राखणीसाठी. तांबूस रंगाचं, एक कान पडलेलं पिल्लू. नाव जबरदस्त ठेवलं की कुत्रा तसा होतो, असा मामांचा सिद्धांत. तो पहिल्याच हंगामात कोसळला. वांदरं झाडावर बसून हापूस खायची, आणि फौजदार खाली बसून त्यांनी टाकलेल्या बाठी चाटायचा.

"सायबानू, बघा तुमचो फौजदार," मामी खळ्यातून, म्हणजे अंगणातून, ओरडायची. "पंगतीक बसलो हा."

"लाचखावू मेलो," मामा म्हणायचे.

तो भुंकायचा नाही असं नाही. वीज चमकली की भुंकायचा, आणि भुंकून झाल्यावर मामीच्या पायांमागे जाऊन उभा राहायचा. कोंबडी त्याच्या ताटलीत चोच घालायची, तर हा मान वळवून दुसरीकडे बघायचा. तिला संकोच वाटू नये म्हणून असावं.

मामी आजारी पडली आणि लांबत गेली. त्या दिवसांत फौजदार खाटेखाली असायचा. ती गेली आणि समाचाराला सगळं गाव लोटलं. मी तिथे होतो. एकेक माणूस यायचा, खुर्चीवर बसायचा, आणि मामांचीच वाक्यं मामांना परत द्यायचा. दुसरी येणार कुठून? वर्षानुवर्षं त्यांनीच वाटलेली. "मामा, मृत्यू हे अंतिम सत्य आहे." "मामा, आता सावरूक व्हया." मामा भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले. मान हलवायचे. त्यांचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला. तोंड धुतल्यावर पुसायचं राहून जातं, तसा दिसत होता.

आणि फौजदार. तो मामांच्या शेजारी पडून असायचा, हनुवटी त्यांच्या पावलावर. मामांनी पाय हलवला की हनुवटी उचलायचा, पाय थांबला की परत ठेवायचा. त्याने हात चाटले नाहीत, कुंई कुंई केलं नाही, मामांच्या तोंडाकडेही बघितलं नाही. सगळे दिवस तेवढंच.

तेरावं झाल्यावर मी निघालो तेव्हा मामा स्टॉपपर्यंत आले. बस वळणावर दिसल्यावर म्हणाले, "अरे भाच्या, सगळी माका उठवूक बघीत होती. ह्यो एकटोच माझ्यावांगडा खाली बसलो."

त्यानंतर मामांची भाषणं बंद झाली. समाचाराला जायचे, पण छत्री दाराबाहेर टेकवून. आत जाऊन जमिनीवर बसायचे, थोडं तिरकं, गेलेल्याच्या माणसांकडे तोंड न करता. काही वेळाने उठायचे. फौजदार बाहेर पायरीशी थांबलेला असायचा. यावरून गावात नाराजी झाली हे कुणाला खरं वाटणार नाही. बाबल दुकानदार मला तावातावाने म्हणाला, "शेजारच्या म्हातारेक आत्मा, नदी, सागर सगळा मिळाला. आमच्या बापाशीक मामा गप. आमचो बापूस काय कमी होतो?"

मला वाटलं होतं, मामीच्या दुःखाने मामांचा आवाज बसला, उठेल हळूहळू. ते शिकत होते, हे मला उस्मानच्या वेळेला कळलं.

मामांच्या आगराच्या खालच्या बाजूला गडगा आहे, चिऱ्यांचा बुटका बांध. गडग्यापलीकडे उस्मान आणि हमीदाचं घर. दोघंच, मूलबाळ नाही. उस्मानची फायबरची लहान होडी होती, एकटाच जायचा. सकाळी परत आला की फौजदार त्याच्या खळ्याच्या कडेला, माडाच्या बुंध्याशी हजर. खळ्यात मात्र पाऊल टाकायचा नाही. त्यांच्यात कुत्र्याचं ओलं नाक कपड्याला लागलं तर कपडा पुन्हा पुन्हा धुवायचा, त्यातही एकदा मातीने, मगच नमाजाला चालतो. पिल्लू असताना हमीदाने एकदा त्याला "हाड् रे, थंयच रव," म्हणून माडापाशी थांबवलं होतं. तेवढं एकदाच. ती रेघ त्याने जन्मभर पाळली. उस्मान टोपलीतून एक मासा काढायचा आणि लांबून फेकायचा. "ओ फौजदार, तुमचो हप्तो!" पायरीवर हमीदा हसायची. गडग्याअलीकडून मामा ओरडायचे, "माझ्या पोलिसाक बिघडवतंस तू, उस्मान!" ही रोजची सकाळ.

एका सकाळी उस्मान आला नाही. दुपारी दुसऱ्यांना त्याची होडी सापडली. जाळं आत होतं, डबा आत होता, माणूस नव्हता. पोलीस येऊन गेले, होड्या फिरून आल्या. दर्याने काही परत दिलं नाही.

आणि मग गावाची पंचाईत झाली. समाचाराला जायचं की नाही? गेलं तर उस्मान मेला असं आपणच तिच्या दारात जाऊन सांगितल्यासारखं. नाही गेलं तर ती एकटी. लोकांनी दोन्ही बाजूंनी विचार केला, आणि अशा वेळी माणसं करतात तेच केलं. गेले नाहीत. बायका पाणंदीतून जाताना तिच्या घराजवळ पावलं उचलून टाकायच्या. कुणी पेजेचा टोप गडग्यावर ठेवून, हाक न मारता निघून जायचं. हमीदा पायरीवर बसून असायची, समुद्राकडे तोंड करून. टोप बऱ्याचदा तसाच राहायचा. बहिणीचा रत्नागिरीहून फोन यायचा, इकडे ये म्हणून. ती फोन कानाला धरायची आणि काही न बोलता ठेवून द्यायची. दिवसेंदिवस वाळत चालली होती. ही बाई अशीच बसल्या जागी संपणार, असं वाडीत उघड बोलायला लागले. तिच्यासमोर नव्हे, एवढंच.

शेवटी कासमचाचा आणि बाबल दुकानदार दोघे मिळून मामांकडे आले. कासमचाचा हमीदाच्या जमातीतले वडीलधारे, मामांच्या वयाचे.

"सदाशिव, आमची पंचाईत झाली हा," ते म्हणाले. "तेका मेलो म्हणूचो, तर तिका इद्दतीक बसवूक व्हया, सुतकासारख्या. नाय म्हणूचो, तर तिच्या दाराक जावन बोलूचा काय?"

"तुमी एकदा जावा, मामा," बाबल म्हणाला. "तुमका जमता ता. दोन शब्द बोलात तर मोकळी होतली."

मामांनी सुपारी कातरून दोघांपुढे ठेवली. मग म्हणाले, "माझ्याकडे ह्येचा वाक्य नाय, कासमभाई."

ज्या माणसाने नव्वदीच्या आजीला कळी केलं, त्याच्याकडे वाक्य नाही. बाबल उठून गेला.

पण फौजदाराला ही पंचाईत माहीत नव्हती. तो रोज सकाळी ठरल्या वेळी गडगा उतरून माडाच्या बुंध्याशी जाऊन बसत होता. उस्मान अजून यायचा आहे, एवढंच त्याला ठाऊक. गावात दोघंच वाट बघत होती, आणि ती एकमेकांपासून खळ्याच्या रुंदीवर बसत होती.

मामा त्याला परत आणायला गेले. "फौजदारा, चल." त्याने शेपटीचं टोक हलवलं, उठला नाही. तिला त्रास नको म्हणून मामा गडग्यावरच थांबले. दुसऱ्या दिवशी गडग्यावर बसले. पुढे कधीतरी गडगा उतरून माडाजवळच्या चिऱ्यावर. सुरुवातीला छत्री बरोबर होती. एकदा सवयीने ती मांडीवर आडवी गेली आणि घसा खाकरला गेला. फौजदाराने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "ओरोसच्या सायबान कधी तसा बघूक नाय," मामा मला सांगायचे. दुसऱ्या दिवसापासून छत्री घरी.

मी त्या सुमारास दोन दिवस गेलो होतो. मामांबरोबर चिऱ्यावर बसलो. मला न बोलता बसणं जमत नाही. आधी पायाला मुंग्या आल्या, मग फोन वाजला, मग मी "आज वारा पडलाय," असं म्हणालो, ज्याची कुणालाच गरज नव्हती. फौजदाराने मोठा उसासा टाकला. मी हळूच मामांना विचारलं, "किती वेळ बसायचं?"

"तो उठता तवसर."

घरी आल्यावर पेज वाढून घेताना मामा म्हणाले, "बघितलंस? कुत्रो तिच्याकडे बघणा नाय. ती जंय बघता, थंय तो बघता." मग लोणचं मागितलं. मी तेव्हा हो म्हणालो आणि लोणचं दिलं. त्यांच्या त्या वाक्याकडे मी नीट बघितलं ते खूप नंतर. आपण दुःखी माणसाच्या तोंडाकडे बघतो, रडतोय का, सावरतोय का, आपल्या बोलण्याचा गुण येतोय का. त्यालाही मग आपल्यासाठी तोंड सांभाळावं लागतं. फौजदाराने तिच्यावर ते काम टाकलं नाही. तिची रेघ ओलांडली नाही, आणि रेघ आहे म्हणून यायचाही राहिला नाही.

हमीदा पहिल्यांदा बोलली ती मामांशी. मामा उठायच्या बेतात होते. समुद्राकडे बघतच ती म्हणाली, "घराक कुलूप बघून तो खंय जातलो, मामा?"

रत्नागिरीला का जात नाही, त्याचं ते उत्तर होतं. मामा परत बसले. त्या दिवशी फौजदारही उशिरा उठला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मामांनी सांगितलं, आणि सांगताना काही रंगवलं नाही, म्हणून मी जसंच्या तसं धरतो. थंडीच्या दिवसांत एका सकाळी मासेवाली पाणंदीतून चालली होती. त्या घराशी ती कधी थांबत नसे. दर्यावर जाणाऱ्याच्या घरात कोण मासे विकत घेणार? हमीदाने पायरीवरून हाक मारली, "गो, हंय ये." मासेवाली दचकली. हमीदाने बांगडे घेतले. मामा माडाशी बसलेले, त्यांनी मान खाली घातली. मासे विकत घेतले म्हणजे आणणारा आता यायचा नाही, हे आपल्याकडे किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. मासे घेऊन ती परत पायरीवर आली. ताटातला एक बांगडा उचलला आणि लांबून फेकला.

"घे रे, फौजदार. तुझो हप्तो."

फौजदाराने बांगडा खाल्ला, काट्यासकट. मग हमीदा रडायला लागली, मोठ्याने, पाणंदीपर्यंत ऐकू जाईल अशी. मासेवाली टोपली घेऊन तिथेच उभी. कुत्रा तोंड चाटून परत आपल्या जागेवर पडला, हनुवटी जमिनीवर.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"अख्खा वाक्य तोंडात इला होता, भाच्या," मामा म्हणाले. "गिळलंय."

त्याच दिवशी दुपारी बायका तिच्या दारात गेल्या, दोन्हीकडच्या. कासमचाचांनी इद्दतीचा दिवस धरला. इद्दतीत बाईने परक्या पुरुषासमोर यायचं नसतं, म्हणून ती संपेपर्यंत मामा गडग्याच्या अलीकडेच बसत. फौजदाराला मनाई नव्हती. नंतर हमीदा रातांब्यांची कोकमं करून विकायला लागली. रत्नागिरीला गेली नाही. घराला कुलूप लागलं नाही.

गेल्या वर्षी मामांची एक बाजू गेली, आणि वाचाही. गावात लोक म्हणाले, जो एवढं बोलला त्याची बोलती गेली. मला वाटतं, मामांना त्याचं फारसं काही वाटलं नसावं. बोलणं त्यांनी आधीच संपवत आणलं होतं.

मी मे महिन्यात बघायला गेलो. मामा पडवीत खाटेवर. फौजदार म्हातारा झालेला, तोंडाशी पांढरा, खाटेखाली. खालच्या पायरीवर हमीदा रातांबे फोडत बसली होती. हात मनगटापर्यंत लाल. मामांकडे तिची पाठ होती, तोंड समुद्राकडे. मला बघून "इलास?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा रातांबा हातात घेतला.

मी खुर्ची ओढली. खाटेजवळ नेली. बसलो, आणि माझ्या तोंडून निघालं, "मामा, काही काळजी करू नका, आपण सावरलं पा—" मामांचा चांगला हात उठला. बोट माझ्याकडे आलं नाही. हळूहळू खाली वळलं आणि खाटेखालच्या फौजदारावर स्थिर झालं.

फौजदाराने माझ्याकडे बघितलं, जड अंग थोडं पलीकडे सरकवलं आणि जागा करून दिली.

मी खुर्ची सोडून खाली बसलो. पायाला मुंग्या आल्या, येऊ दिल्या. फोन बंद केला होता. रातांबे फुटल्याचा आवाज येत होता आणि खाली समुद्राचा. वारा पडला होता, ते मी कुणाला सांगितलं नाही. किती वेळ बसलो ठाऊक नाही.

मला संध्याकाळची बस गाठायची होती. कुत्रा काही उठेना, म्हणून मीच आधी उठलो. पाणंदीच्या वळणावर येऊन मागे बघितलं. हमीदा अजून तशीच, पाठमोरी. मामांचा हात खाटेवरून खाली लोंबत होता, जमिनीपासून थोडासा वर. आणि फौजदार म्हातारपणाने वेळ घेत, आधी पुढचे पाय, मग मागचे, असा त्या हाताखाली येऊन आपलं डोकं नीट बसवत होता.